वाट नसलेला डोंगर चढायचाय? मग उतरायचं कसं ते आधी ठरवा

मळलेल्या वाटांचे आठ-दहा ट्रेक झाले की हा किडा डोक्यात वळवळायला लागतोच, समोर एक डोंगर दिसतोय, नकाशात त्याच्यावर वाट नाही, मग आपणच जाऊन बघूया का? जा की, मी पण अशीच गेले होते. फक्त जाण्याआधी हे वाचून घ्या कारण मला हे सगळं उलट्या क्रमाने शिकायला लागलं.

माझी पहिली अशी चढाई सव्वातीन तासांत झाली आणि उतरायला सात तास लागले. माथ्यावरून निघालो तेव्हा धार, म्हणजे डोंगराचा अरुंद कणा, एकच होती, पुढे तिच्या दोन कधी झाल्या ते कळलंच नाही, गप्पा चालल्या होत्या, उजवीकडची सोंड (धारेतून फुटून खाली उतरत जाणारा डोंगराचा फाटा) जरा रुंद आणि मोकळी म्हणून पाय आपोआप तिकडेच वळले. दीडशे मीटर उतरून झाल्यावर मित्र थांबून म्हणाला, "अगं, हे पडलेलं झाड येताना लागलं होतं का आपल्याला?" नव्हतं लागलं. परत दीडशे मीटर वर, तेही पाणी संपत आलेलं असताना.

यात आमचा गाढवपणा होताच, पण डोंगराचा आकारही असाच असतो. चढताना सगळ्या सोंडा, सगळ्या धारा माथ्याकडे एकत्र येत जातात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे भरकटलात तरी चढ धरून चालत राहिलं की बहुतेक वेळा माथ्यावर पोचता. उतरताना बरोब्बर उलटं, दर थोड्या वेळाने धार फाटते आणि प्रत्येक फाट्यावर चुकायची सोय असते. वर चार पावलांचं अंतर असलेल्या दोन सोंडा खाली दोन वेगळ्या दऱ्यांत नेऊन सोडतात. मळलेल्या वाटेवर हे जाणवत नाही कारण तिथे निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो.

पहिला डोंगर कसला निवडायचा

छोटा निवडा. उंची किती त्यापेक्षा आकार कसा आहे ते बघा. चांगला पहिला डोंगर म्हणजे ज्याची एक ठळक सोंड खालपासून माथ्यापर्यंत सलग जाते, जो लांबून पूर्ण दिसतो, आणि ज्याच्या पायथ्याला रस्ता, नदी, तलावाचा काठ असं काहीतरी लांबलचक आडवं आहे. हे आडवं लय कामाचं, कारण उतरताना कुठेही चुकलात तरी कधीतरी त्याच्यावर येऊन धडकणारच, आणि धडकलात की कळतं की बास, आता याच्या पलीकडे जायचं नाही. असं 'कुंपण' नसलेला, चहूबाजूंनी जंगलच जंगल असलेला डोंगर पहिल्या वर्षात नको.

जमीन कुणाची आहे ते आधी विचारा. राखीव जंगल, खासगी मालकी, प्राण्यांच्या विणीचा काळ, शिकारीचा हंगाम, यातलं काहीही आडवं येऊ शकतं. पुष्कळ ठिकाणी वाट सोडून चालायलाच मनाई असते आणि ती उगाच घातलेली नसते.

नकाशा घेऊन बसा, निवांत

खरा अर्धा ट्रेक इथेच होतो. समोच्च रेषा म्हणजे कंटूर वाचता येत नसतील तर ते शिकल्याशिवाय वाट सोडू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. रेषा जवळजवळ तर उतार उभा, लांब लांब तर सौम्य, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट म्हणजे रेषांचा इंग्रजी व्ही. त्याचं टोक चढाकडे असेल तर ती घळ किंवा ओढा, टोक उताराकडे असेल तर ती सोंड. बोटाने माथ्यापासून खाली येत येत सगळ्या सोंडा पेन्सिलने आखा, सगळ्या घळी निळ्या पेनाने आखा, दहा मिनिटांत डोंगराचा सांगाडा समोर येतो.

मग उताराचं गणित. १:२५,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर असेल आणि रेषा एकमेकींपासून फक्त १ मिलिमीटरवर असतील, तर २५ मीटर आडवं जाताना २० मीटर वर चढायचंय, म्हणजे साधारण ३९ अंशांचा उतार. नवख्या माणसाने इथे लाल फुली मारावी. रेषा २ मिलिमीटरवर असतील तर हाच उतार २२ अंशांच्या आसपास येतो, दमवेल पण चालता येईल.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. २० मीटर अंतराच्या रेषा असलेल्या नकाशात १५ मीटरचा कडा अख्खाच्या अख्खा दोन रेषांच्या मध्ये लपू शकतो! नकाशा खोटं बोलत नसतो, त्याला तेवढं बारीक दिसतच नसतं. १५ मीटर म्हणजे जवळपास पाच मजली बिल्डिंग. म्हणून नकाशाबरोबर सॅटेलाइट फोटो बघायचे, त्यात सावल्यांच्या काळ्या पट्ट्या शोधायच्या, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने आपली सोंड नीट न्याहाळायची. फोटो कोणत्या ऋतूतला आहे तेही बघा, पानगळीतल्या फोटोत जे मोकळं रान दिसतं ते दोन महिन्यांनी भिंतीसारखं दाट झालेलं असतं.

यानंतर उतरायची लाईन आखा. हो, आधी उतरायची! माथ्यापासून खाली येताना धार जिथे जिथे फाटते तिथे गोल करा, प्रत्येक गोलाला नंबर द्या, शेजारी उंची लिहा आणि तिथून पुढे कुठल्या दिशेला जायचं तो अंश (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला) लिहा. माझ्या नकाशावर असं असतं: '३ – ८४० मी – डावीकडे, २१५ अंश'. शक्यतो ज्या सोंडेने चढणार तिनेच उतरा, दुसरीकडून उतरायची हौस नंतर भागवा.

वेळ किती लागेल

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशोब मांडला होता तो अजून चालतो, सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे ४ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर पाऊणेक तास अधिक एक तास, पावणेदोन-एक तास झाले. हे वाटेवर. वाट नसताना मी याला तीनने गुणते, आणि दाट झाडोरा असेल तर गुणाकार सोडूनच देते, कारण तिथे तासाला अर्धा किलोमीटर गेलात तरी पुष्कळ.

परत फिरायची वेळ घरीच ठरवा आणि ती घड्याळातली वेळ असू दे, 'माथा आला की' अशी नको. माझा नियम, उजेडाचे जेवढे तास आहेत त्यातले चाळीस टक्के संपले की जिथे असाल तिथून मागे. माथा शंभर मीटरवर असला तरी. (हा नियम मी स्वतः दोनदा मोडलाय आणि दोन्ही वेळा शेवटचा तासभर टॉर्चच्या उजेडात काट्यांतून काढलाय.)

सामान, थोडक्यात

नेहमीचं सगळं तर घ्याच, वर हे घ्या: पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, जाड हातमोजे, आणि डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा. चष्म्याला लोक हसतात, पण झाडोऱ्यात डोळ्यात फांदी जाणं हा अगदी नेहमीचा अपघात आहे आणि डोळा सुजलेल्या माणसाला डोंगर उतरवणं सोपं नसतं. सॅकच्या बाहेर काहीही लटकवू नका, बाटली, मॅट, काठी, सगळं जाळीत अडकतं नाहीतर गुपचूप पडून जातं. शिट्टी सॅकच्या पट्ट्यावर, हाताला लागेल अशी. हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही घ्यायचा. पाणी वाटेत मिळेल हे गृहीत धरू नका, कारण वाटच नाहीये.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी कितीतरी जास्त पुरते, ऑफलाइन नकाशे मात्र घरूनच उतरवून घ्या. कागदी नकाशा आणि होकायंत्र तरीही हवंच. उघड्या आभाळाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो, पण अरुंद घळीत, कड्याला चिकटून किंवा दाट झाडीत सिग्नल कातळावर आपटून येतात आणि ठिपका पन्नास-शंभर मीटर उड्या मारायला लागतो, म्हणजे नेमकं जिथे गरज तिथेच. सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) घेणार असाल तर त्या देशाचा कायदा आधी बघा, भारतासह काही देशांत परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगला तर पोलीस धरतात.

दिशा धरून चालणं

आपल्याला सरळ चालता येतं असं आपल्याला वाटतं. येत नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चाला म्हणून सोडलं होतं. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले, आभाळ भरून आल्यावर जंगलात चालणारे गोल गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडायला लागले आणि त्यांना पत्ताच नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात ना 'चकवा लागला', तो हाच.

म्हणून होकायंत्र. पण गळ्यात अडकवून अधूनमधून बघायचं असं नाही. दिशेचा अंश लावा, त्या रेषेत समोर दिसणारं एक झाड किंवा खडक हेरा, होकायंत्र खाली करा, त्या झाडापर्यंत कसंही जा, वळसा घालून, वाकून, काहीही, आणि तिथे पोचल्यावर पुढचं झाड हेरा. झाडोरा इतका दाट असेल की दहा मीटरवरचं दिसत नाही, तर सोबत्याला पुढे पाठवा, हाका मारून त्याला रेषेवर आणा, मग तुम्ही त्याच्याकडे जा. कंटाळवाणं काम आहे, पण हेच काम आहे.

चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर एक नसतात, त्यांच्यातल्या फरकाला चुंबकीय विचलन म्हणतात. जगात कुठे तो जवळपास शून्य आहे तर कुठे पंधरा-वीस अंश. १५ अंशांची चूक म्हणजे दर किलोमीटरला पाव किलोमीटरपेक्षा जास्त बाजूला! आणि हा आकडा वर्षागणिक सरकत असतो, त्यामुळे जुन्या नकाशावर छापलेला वापरू नका, ताजा बघून घ्या. आणखी एक, होकायंत्र आणि फोन एकाच खिशात ठेवू नका, फोनमधल्या चुंबकाने सुई बिघडते.

एक युक्ती मला फार आवडते. समजा उतरून तुम्हाला नदीवरच्या पुलापाशी यायचंय. नेम पुलावर धरलात आणि नदीला लागल्यावर पूल दिसला नाही, तर आता डावीकडे जाऊ की उजवीकडे? त्यापेक्षा मुद्दाम पाच अंश डावीकडे नेम धरा, किलोमीटरमागे ८५-९० मीटर डावीकडे याल, आणि नदी लागली की डोळे झाकून उजवीकडे वळायचं. मुद्दाम चुकायचं, पण कुठल्या बाजूला चुकलोय ते माहीत असतं.

उंची दाखवणारं घड्याळ असेल तर वाट नसलेल्या डोंगरावर ते जीपीएसइतकंच कामाचं, कारण आपण ८४० मीटरवर आहोत एवढं कळलं आणि आपण या सोंडेवर आहोत हे माहीत असलं की नकाशावर एकच बिंदू उरतो. फक्त ते हवेच्या दाबावर चालतं. हवामान बदलून दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर ते बसल्या जागी आठेक मीटर वर चढल्यासारखं दाखवतं. खिंड, ओढ्याचा संगम अशी ओळखीची जागा आली की उंची परत जुळवून घ्या.

पायाखाली काय आहे

सोंड की घळ असा प्रश्न आला तर सोंड. घळ सोपी दिसते, मोकळी असते, सरळ वर जाते, आणि वरून सुटलेला प्रत्येक दगड त्याच नळीतून खाली येतो. घळीच्या वरच्या टोकाला बऱ्याचदा उभा कातळ असतो तो खालून दिसत नाही. सोंडेवर चालायला जागा कमी असेल पण आपण कुठे आहोत ते दिसतं, आणि जनावरांनाही हे कळतं म्हणून ढोरवाटा बहुतेक वेळा सोंडेवर किंवा पदरातून, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाट पट्ट्यातून, आडव्या जातात. ढोरवाट मिळाली तर वापरा, पण ती तुमच्या दिशेने जातेय तोवरच. जनावराला माथ्यावर जायचं नसतं, त्याला पाण्यावर जायचं असतं.

झाडोऱ्यात दोघांमध्ये तीनेक मीटर अंतर ठेवा नाहीतर पुढच्याने सोडलेली फांदी मागच्याच्या तोंडावर बसते. जोर लावून घुसू नका, दोन पावलं मागे या, वाकून बघा, बऱ्याचदा गुडघ्याच्या उंचीवर मोकळं असतं आणि डोक्याच्या उंचीवर गच्च. पाय कुठे पडतोय ते दिसत नसेल तर काठीने आधी चाचपडा, साप बिचारा बाजूला होईल आणि पोकळ जागा असेल तर तीही कळेल.

घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार, हा वेगळाच प्राणी. तो साधारण ३० ते ४० अंशांवर कसाबसा टिकून बसलेला असतो आणि तुमच्या वजनाने त्याचा तोल जातो. एकामागे एक सरळ रेषेत कधीच चढायचं नाही, तिरपं जायचं, कुणीच कुणाच्या बरोब्बर खाली नको, आणि चिंचोळं असेल तर एक जण पूर्ण पार होईपर्यंत बाकीचे आडोशाला. दगड सुटला की 'दगड!' म्हणून ओरडायचं, मुठीएवढा असला तरी ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, डोंगराला चिकटायचं आणि सॅक डोक्यावर घ्यायची.

कातळाचा पॅच लागला तर एकच प्रश्न विचारा, हा मला रोपशिवाय उतरता येईल का? चढता येईल का, हा प्रश्नच नाही. चढताना होल्ड, म्हणजे हातापायांनी धरायच्या खाचा-कंगोरे, डोळ्यासमोर असतात, उतरताना पायाने शोधायला लागतात. खात्री नसेल तर दोन मीटर चढा आणि लगेच उतरून बघा. नाही जमलं तर वळसा, वळसा नसेल तर घर. प्रत्येक होल्डला आधी हाताने थापटा, पोकळ आवाज आला किंवा हलला तर त्याला सोडून द्या, इथे तुमच्याआधी हजार लोकांनी तो ओढून बघितलेला नाहीये.

चढताना मागे बघत चला

दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून मागे वळून बघायचं, कारण उतरताना डोंगर असाच दिसणार आहे. फोटो पण खालच्या दिशेचे काढा. आणि बाजूने दुसरी सोंड येऊन आपल्या धारेला मिळाली की तिथे नक्की थांबा, जीपीएसवर खूण करा, नकाशातला नंबर जुळवा. चढताना हे दोन प्रवाह मिळाल्यासारखं सहज घडतं आणि लक्षातही येत नाही, पण परतीला हाच तो फाटा असतो जिथे आम्ही गप्पा मारत उजवीकडे गेलो होतो.

माथ्यावर पोचलात की फोटोबिटो नंतर, आधी होकायंत्र काढून उतरायची दिशा लावून ठेवा. दहा मिनिटांत ढग येऊन सगळं पांढरं होऊ शकतं आणि गोल माथ्यावर सगळ्या बाजू सारख्याच दिसतात. वीज चमकून गडगडाट ऐकू यायला तीस सेकंदांपेक्षा कमी लागत असतील तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, मग माथाही नको आणि धारही नको.

उतरताना बोलणं कमी. प्रत्येक नंबरच्या गोलावर थांबायचं, सगळ्यांनी, आणि दोघांनी वेगवेगळं होकायंत्र बघून दिशा सांगायची. दोघांचं जुळलं तरच पुढे.

चुकलात तर

थांबा. बसा. काहीतरी खा. 'थोडं पुढे जाऊन बघू' या वाक्याने जेवढी माणसं अडकली असतील तेवढी कड्यांनी अडकवली नसतील. शेवटची खात्रीची जागा कुठली होती ते ठरवा आणि तिथवर परत चढा, दम लागला तरी चढा.

आणि ते 'पाण्याच्या मागे गेलं की वस्ती लागते' ते डोक्यातून काढून टाका. सपाटीला ठीक आहे. उभ्या डोंगरात पाणी सगळ्यात जवळच्या मार्गाने खाली जातं आणि तो मार्ग धबधब्यावरून जातो. माणूस पहिला छोटा टप्पा घसरत उतरतो, दुसरा पण उतरतो, तिसरा वीस मीटरचा निघतो, आणि आता मागचे दोन परत चढता येत नाहीत. तळ दिसत नसलेल्या कुठल्याही जागी खाली उतरायचं नाही.

अंधार पडलाच तर चालायचं थांबवा, आडोसा बघा, सगळे कपडे अंगावर चढवा, सॅकवर बसा म्हणजे जमिनीचा गारठा लागणार नाही. शिट्टीचा युरोपात रुळलेला संकेत म्हणजे मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येतं. अमेरिकेत तीनचीच हाक समजतात. घरी कुणाकडे तरी नकाशाचा फोटो, चढायची सोंड आणि 'इतके वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा' असं लिहून ठेवलेलं असेल तर ही रात्र एकच असते.

आणि मागे काही सोडू नका

मळलेल्या वाटेवर सगळ्यांनी एकाच रांगेत चालायचं असतं, इथे उलट. नाजूक गवतावर, शेवाळावर पसरून चाला म्हणजे एकाच जागी वीस पाय पडणार नाहीत, आणि जमेल तिथे खडकावरून चाला. न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरांत चढणाऱ्यांची ४६ शिखरांची एक यादी आहे, त्यातल्या बऱ्याच शिखरांवर अधिकृत वाट नव्हती, पण यादी पूर्ण करायला येणाऱ्यांच्या पायांनी तिथे आपोआप वाटांचं जाळं पडलं, माती धुपायला लागली, शेवटी एकच वाट ठरवून बाकीच्या बंद करायला लागल्या. त्यामुळे झाडांना रिबिनी बांधू नका, दगडांच्या राशी रचू नका, बांधल्याच तर उतरताना सोडून आणा. माझा जीपीएस ट्रॅक मी कुणाला देत नाही. नकाशाचा नंबर सांगते आणि सोंड त्यांची त्यांना शोधू देते, लोकांना राग येतो त्याचा.

घरी आल्यावर अंगावर गोचीड वगैरे नाही ना ते बघा, मग आंघोळ, आणि आंघोळ झाली की झोपायच्या आधी नकाशा परत उघडा. आखलेली लाईन आणि प्रत्यक्ष चाललेली लाईन शेजारी शेजारी ठेवा, कुठे वेगळी पडली आणि का, ते तिथेच लिहा, दोन दिवसांनी आठवत नाही. माझ्या त्या पहिल्या नकाशावर चुकीच्या सोंडेच्या टोकाला पेन्सिलने लिहिलेलं आहे, 'इथे १२-१४ मी कडा, रेषांत दिसत नाही'. ते पडलेलं झाड त्याच्या साधारण चाळीस मीटर वर होतं.